मालवण तालुक्यातल्या आमच्या घराण्याची माहिती ऑनलाइन कुठे मिळेल?

सुरुवात महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळाच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवरच्या जुन्या फेरफारांपासून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींपासून, करा. खातेदार वारला की वारसांची नावे फेरफारात चढतात, म्हणून एकेका नोंदीतून अख्खी पिढी हाती लागते. आमची वंशावळ मी अशीच जुळवली. सातबाऱ्यावर मुख्यतः सध्याचे खातेदार दिसतात, त्याने मागे जाता येत नाही. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, सापडले तर फारच उत्तम, कारण त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात.

शोधताना एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधीचे मालवण रत्नागिरी जिल्ह्यात शोधायचे.

याशिवाय:
- इंटरनेट आर्काइव्हवर १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर. नावे नाहीत, पण गाव आणि काळ कळतो.
- आडनावासोबत ‘कुलवृत्तांत’ (घराण्याच्या इतिहासाचे पुस्तक) लिहून शोधा.

मात्र सगळ्या गावांचे कागद स्कॅन झालेले नाहीत, आणि जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. तिथे तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि मोडी वाचणारा जाणकार, दोन्ही लागतील.