एचडीएल 31 आलंय, ते ‘काम करतंय का’ बघणारं पॅकेज करावं का?

ताई, न्यूमोनियातून उठलेल्या तुमच्या वडिलांचं एचडीएल (ज्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात) कमी, 31 आलं आणि राजारामपुरीतल्या लॅबवाल्यानं ‘एचडीएल गुणवत्ता’ पॅकेज सुचवलं, म्हणून विचारताय. पॅथॉलॉजीत माझी नोकरी झालीय, तेव्हा सरळ सांगते: आत्ता पैसे घालवू नका.

शंका मात्र रास्त आहे. रिपोर्टातला आकडा फक्त एचडीएलच्या कणांत कोलेस्टेरॉल किती आहे ते सांगतो. धमनीच्या भिंतीतून ते किती उचललं जातंय, हे त्यात नसतं. घंटागाड्या मोजून गल्लीतला कचरा गेला का, ते कळतं होय? टॉर्सेट्रॅपिब या औषधानं एचडीएल 70 टक्क्यांच्या वर वाढवलं, पण मृत्यूही वाढले आणि डिसेंबर 2006 मध्ये चाचणी बंद करावी लागली. उलट इटलीतल्या लिमोने गावात काही कुटुंबांचं एचडीएल फारच कमी, तरी हृदयविकार त्या मानानं दिसत नाही. त्यांच्या अपो-ए1 मध्ये, म्हणजे एचडीएलच्या मुख्य प्रथिनातच, एक बदल आहे.

खरं काम मोजणारी चाचणी म्हणजे कोलेस्टेरॉल एफ्लक्स. मॅक्रोफेज (कोलेस्टेरॉल गिळून साठवणाऱ्या) पेशी वाढवायच्या, त्यांत खूण केलेलं कोलेस्टेरॉल भरायचं, पेशंटच्या सीरममधले (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातले) अपो-बी प्रथिनाचे, म्हणजे एलडीएलसारखे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण काढून उरलेलं सीरम त्यांच्यावर घालायचं आणि काही तासांनी किती कोलेस्टेरॉल बाहेर आलं ते बघायचं. 2014 च्या डॅलसच्या अभ्यासात सुमारे 2,900 लोकांमध्ये ज्यांचा एफ्लक्स सर्वांत चांगला, त्यांना सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका 67 टक्के कमी दिसला. पण जिवंत पेशी सांभाळायच्या म्हणजे संशोधनाचं काम, रोज शेकडो नमुने काढणाऱ्या लॅबचं नव्हे.

म्हणून पॅकेजात पर्यायी मार्कर घालतात: अपो-ए1, पॅरॉक्सोनेज (एचडीएलवर बसणारं एन्झाइम), मायलोपेरॉक्सिडेज. यातलं शेवटचं पांढऱ्या पेशींतलं एन्झाइम. ते अपो-ए1 चं ऑक्सिडेशन करून त्याची कोलेस्टेरॉल उचलायची ताकद घालवतं. शास्त्र पक्कं आहे, पण आकडा हातात आल्यावर डॉक्टरांनी औषध कुठलं बदलायचं? 2024 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अ‍ॅटॅकनंतर अपो-ए1 शिरेतून दिलं. या औषधानं एफ्लक्स चांगलाच वाढतो, तरी 90 दिवसांत मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: डिस्चार्ज मिळून दहाच दिवस झालेत. जंतुसंसर्गात एचडीएल घसरतंच. यकृत तेव्हा सीरम अ‍ॅमायलॉइड ए नावाचं प्रथिन ढिगानं सोडतं आणि ते अपो-ए1 ला ढकलून कणावर बसतं. त्यामुळे या 31 मध्ये न्यूमोनियाचा वाटा किती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पॅकेज केलंत तर तेही बिघडलेलंच दिसेल.

दीड-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल परत करा. सोबत अपो-बी घ्या, आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिक कण) आयुष्यात एकदा केलं तरी बहुतेकांना पुरतं. स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा निर्णय एलडीएल, अपो-बी, शुगर, बीपी, तंबाखू बघून होतो. गोळी चालू असेल तर तोवर बंद करू नका. वरच्या प्रतिक्रियेत एका दादांनी ‘रोज एक पेग, एचडीएल वाढतंय’ लिहिलंय. आकडा वाढतो, खरंय. टॉर्सेट्रॅपिबनंही वाढला होता. त्यापेक्षा काकांना दम लागायचा थांबला की रंकाळ्यावर फिरायला न्या. आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असतील तर पुढचं रक्त उपाशीपोटीच द्या, नाहीतर हिशोबानं काढलेलं एलडीएल चुकतं.