ऑनलाइन फॉलोअप चालेल, पण ‘त्रास वाढलाय’ या मेसेजवर औषध नको

होमिओपॅथीचा दवाखाना साताऱ्यात, जुने रुग्ण पुण्या-मुंबईत, आणि रात्री अकराला मेसेज: ‘डॉक्टर, औषधाने त्रास वाढलाय, पुढचा डोस घेऊ का?’ तुम्ही विचारलंय की असं ऑनलाइन बघणं चालू ठेवावं की बंदच करावं. आमच्याकडेही सगळा घोळ याच वाक्यापासून सुरू झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोंदणी क्रमांक, संमती, अल्पवयीन रुग्णासोबत मोठं माणूस हे तुम्हाला ठाऊक असणारच. एप्रिल २०२० मध्ये तेव्हाच्या केंद्रीय होमिओपॅथी परिषदेने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामुळे ‘करता येतं का’ हा प्रश्न उरलेला नाही. भारताबाहेर बसलेला रुग्ण मात्र त्या चौकटीत धरू नका, मग तो तुमचा दहा वर्षांचा जुना रुग्ण का असेना. मी कायद्यातली जाणकार नाही. आता कारभार राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाकडे आहे, तेव्हा सध्याचे नियम तिथून आणि राज्य परिषदेकडून तपासून घ्या. विचारणा लेखीच करा. एका कार्यालयाने आमच्या दोन पानी पत्राला कित्येक महिन्यांनी ‘नियमावली पाहावी’ एवढी एक ओळ पाठवली. संताप होतो, पण निदान पोचपावती फाइलला राहते.

आता मुद्द्याचं. आपल्याला शिकवलेलं असतं की औषध बरोबर लागलं की लक्षणं आधी थोडी वाढतात. अशा अ‍ॅग्रव्हेशनमध्ये औषध थांबवायचं, सॅक लॅक (औषध नसलेली दुधातल्या साखरेची पूड) द्यायचं आणि वाट बघायची. रुग्ण समोर असतो तेव्हा हा निर्णय नुसत्या ऐकलेल्या वाक्यावर होत नाही. तुम्ही छाती ऐकता, पोट दाबून बघता, जीभ बघता, मूल आईच्या खांद्यावर कसं पडलंय तेही नजरेत येतं. मेसेजवर यातलं काहीच नसतं, फक्त ‘वाढलाय’ हा शब्द असतो. आणि ‘म्हणजे औषध लागू पडतंय’ हे उत्तर दोघांनाही हवंहवंसं असतं: रुग्णाला धीर येतो, डॉक्टरला झोप लागते. दमेकरी मुलाचा खोकला वाढला आणि तुम्ही अ‍ॅग्रव्हेशन समजून दोन दिवस थांबायला सांगितलंत, तर ते दोन दिवस कदाचित न्यूमोनियाला दिलेले असतात. ऑनलाइन कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आमच्याकडची तीच.

होमिओपॅथीचे जनक हॅनेमानही पत्राने औषध देत, असा दाखला काही जण देतात. पण त्यांच्याच ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथाच्या ९०व्या सूत्रात रुग्णाचं बोलणं लिहून झाल्यावर वैद्याने स्वतः काय पाहिलं ते टिपायला सांगितलंय. मेसेजमध्ये नेमकं तेच गळतं. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात मिळाला नाही. आपल्यातल्या अनेकांना ते पटत नाही, त्यावर इथे वाद नको. पण ‘थांबा’ म्हणताना जोखीम रुग्णाची असते, एवढं तरी मान्य करायला हवं.

म्हणून माझ्या मते ऑनलाइन अ‍ॅग्रव्हेशन असं निदान करायचंच नाही. ‘वाढलाय’ आलं की मेसेज बंद करायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. लहान मूल असेल तर ते शांत असताना आईला मुलाचा कपडा वर करायला सांगा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो, हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल तर आकडा न बघताच रुग्णालयात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल, मूल पीत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तरीही तेच. मोठ्यांचा ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर थांबू नका. (नेलपॉलिश किंवा गार पडलेली बोटं असली की ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. बोट चोळून गरम करायला सांगा.)

त्वचेचे फोटो हा दुसरा सापळा. रुग्णाने आधी मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मलम लावलेलं असतं, त्यामुळे गजकर्णाची कड पुसट होते आणि फोटोत ते इसबासारखं दिसतं. मलमाच्या ट्यूबचाही फोटो मागा. आणि इन्हेलर, फिटच्या, थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या बंद किंवा कमी करायला ऑनलाइन कधीही सांगू नका. रुग्णाने परस्पर बंद केल्यात का, हे मात्र प्रत्येक कॉलवर विचारा. न विचारता कोणी सांगत नाही.

नवा रुग्ण पहिल्यांदा प्रत्यक्षच बघावा, असं मला ठामपणे वाटतं. काही सहकाऱ्यांना हे फार कडक वाटेल.

औषध कुरिअरने पाठवत असाल तर नाव आणि पोटेन्सी (औषध किती विरल केलंय ते) लिहिलेलं, सही आणि नोंदणी क्रमांक असलेलं प्रिस्क्रिप्शन सोबत हवंच. बिननावाच्या पांढऱ्या गोळ्यांची सवय ऑनलाइनला घातक आहे. रात्री मूल कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या डॉक्टरला काय दिलंय ते कळायला नको? मदर टिंक्चर, म्हणजे औषधाचा मूळ अर्क, अल्कोहोलमध्ये असतो, तो कुरिअरने नको. गोळ्या औषध टाकल्यावर पूर्ण वाळवून मगच बाटलीत भरा, पावसाळ्यात कोकणात पोचेपर्यंत त्यांचा गोळा होतो. प्रत्येक कॉलनंतर तारीख, वेळ आणि मोजलेले आकडे केसपेपरवर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपची साखळी म्हणजे केसपेपर नव्हे. फोन बदलला की ती जाऊ शकते.

रात्रीसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आपोआप जाणारं उत्तर लावा. आमचं असं आहे: ‘हा मेसेज सकाळी नऊनंतर वाचला जाईल. श्वास लागत असेल, झटका आला असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा मूल पीत नसेल तर उत्तराची वाट पाहू नका, १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.’