'एंडेमिक' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? रोगालाही एंडेमिक म्हणतात आणि फुलालाही, ते कसं?

तुम्ही बातम्यांत 'कोरोना आता एंडेमिक झाला' असं वाचलंत आणि कासच्या पठारावर गाइडने एका फुलाला एंडेमिक म्हटलं. दोघांचंही बरोबर आहे.

मी साताऱ्याचा. पावसाळ्यात पाहुणे आले की कास चुकत नाही, म्हणून आधी फुलाचं सांगतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, साचलेल्या पाण्यात वायतुरा उगवतो. त्याच्या दांड्याला वर दोन फाटे फुटतात, अगदी गलोलीच्या बेचकीसारखे, आणि त्यांवर बारीक जांभळट फुलं दाटीने लागतात. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे नावातच सातारा. इथल्या आणि आसपासच्या मोजक्या सड्यांखेरीज जगात तो कुठेच आपोआप उगवत नाही. ही 'इथेच, दुसरीकडे नाही' अशी अट पाळणारं ते एंडेमिक. मराठी पुस्तकांत त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात.

एंडेमिक म्हणजे दुर्मिळ, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. शेकरू भारताबाहेर कुठेच नाही, म्हणून ते भारताला एंडेमिक; पण महाबळेश्वरच्या झाडीत मान वर करून चाललात तर दिसतंही. जांभूळ आपलंच, पण ते श्रीलंकेतही मूळचंच, म्हणून त्याला नेटिव्ह म्हणा, एंडेमिक नको. आणि डोंगरउतारावर माजलेली घाणेरी तर दोन्ही नाही, ती अमेरिकेतून आलेली.

रोगाच्या बाबतीत 'फक्त इथेच' ही अट गळून पडते. रोग एखाद्या भागात मुक्कामाला आलाय, कमी-जास्त होतो पण हटत नाही, एवढाच अर्थ. गडचिरोलीतला मलेरिया तसा. अचानक भडकते ती साथ, म्हणजे एपिडेमिक. जगभर पसरली की पॅनडेमिक. कोरोना एंडेमिक झाला म्हणजे सौम्य झाला, असा अर्थ मात्र काढू नका. मलेरिया कित्येक देशांत एंडेमिकच आहे, आणि त्याने जगात वर्षाला पाच लाखांवर माणसं दगावतात.

इंग्रजीत लिहिताना प्राणी-वनस्पतींसाठी 'एंडेमिक टू' लिहा, रोगासाठी बहुधा 'एंडेमिक इन'. भ्रष्टाचार, बेकारी अशा मुरलेल्या गोष्टींनाही हा शब्द लावतात. चांगल्या गोष्टीला सहसा नाही. कंदी पेढे साताऱ्याला एंडेमिक आहेत, असं गमतीत म्हणायला हरकत नाही, परीक्षेच्या पेपरात लिहू नका.