सुट्टीत आपण कुठे जातो यावरून लोक आपली पत ठरवतात का?

तुम्ही लिहिलंय की दर उन्हाळ्यात तुम्ही मुलीला घेऊन गावी जाता. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात कुणी दुबईचं सांगतं, कुणी केरळचं, आणि मुलगी घरी येऊन विचारते, "आपण कुठेच का जात नाही?" म्हणून तुम्हाला प्रश्न पडलाय की सुट्टीच्या ठिकाणावरून खरंच माणसाची पत ठरते का.

ठरवतात लोक. मी नाशिकमध्ये अठरा वर्षं सहलींची बुकिंग करतेय. आधी कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात करायची, आता घरून करते. त्यामुळे हे रोज समोर घडतं. पण ठिकाणावरून पत ओळखणं ही कच्ची खूण आहे. पक्की खूण वेगळी आहे आणि ती फोटोत येत नाही. दोन्ही सांगते.

मी या कामाला लागले तेव्हा मुंबईहून विमानाने गोव्याला जाऊन आलेला माणूस आठवडाभर सोसायटीत त्याबद्दल बोलायचा. मग केरळची हाउसबोट आली. मग बँकॉक-पटाया, दुबई, सिंगापूर. आता व्हिएतनाम आणि बालीची विचारणा जास्त असते. एखादं ठिकाण चार घरांना परवडायला लागलं की पाचवं घर तिथून पाय काढतं आणि पुढच्या पायरीवर जातं. मला आता फोनवर "ते सोडून दुसरं काही सांगा, तिथे आता सगळेच जातात" असं ऐकू येतं, तेव्हा या वाक्यातल्या "सगळेच" या शब्दाकडे माझं लक्ष जातं.

सिडकोतल्या एक ताई पहिल्यांदा दुबईला निघाल्या होत्या. पैसे भरून झाले, व्हिसा आला, तरी त्या दोनदा ऑफिसात आल्या. त्यांना विचारायचं होतं की विमानतळावर साडी चालेल का, आणि बॅग दोन चाकांची बरी की चार चाकांची. बॅग शेवटी त्यांनी नणंदेकडून आणली. सहलीनंतर चारेक महिन्यांनी त्या मला ठक्कर बाजारला कळवणच्या गाडीची वाट बघताना भेटल्या. हातात तीच बॅग. हँडलला विमान कंपनीची कागदी पट्टी अजून गुंडाळलेली, कडा मळून काळ्या झालेल्या. मी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ती काढली नाही. मला तेव्हा फार आपलेपणा वाटला त्यांच्याबद्दल. वीस वर्षं शिवणकाम करून जमवलेल्या पैशाची ती एकच खूण चारचौघांत दिसणारी होती. ती त्यांनी का काढावी?

ही रीत आपणच काढलेली आहे असंही नाही. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लॉफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी पाचशेच्या आसपास माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. पुढे रेल्वेमुळे गिरणीकामगार समुद्रकिनारी पोचायला लागले आणि बड्या लोकांनी फ्रान्सचा किनारा गाठला. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगरावर जाणं ही साहेबाची गोष्ट होती. मुंबई इलाख्याचं सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरलं, आणि १९०७ मध्ये तिथवर छोटी गाडी गेली. आपलं नाशिकही या हिशेबात आहे. मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं हवापालटाला देवळालीत येऊन राहायची, त्यांची सॅनेटोरियमं आजही कॅम्पात उभी आहेत. म्हणजे ज्या गावात राहून आपण म्हणतो "कुठेच गेलो नाही", ते गाव कुणाची तरी सुट्टी होतं. आणि आता द्राक्षबागा आणि वाइनमुळे पुन्हा झालंय. शनिवार-रविवारी गंगापूर रोडवर मुंबईच्या गाड्या बघा.

वरच्या पायरीवर गेलं की फोटोच कमी होतात. माझ्याकडे काही जुनी, पिढीजात पैसा असलेली कुटुंबं आहेत. ती कुठे जाऊन आली हे मला बिल बनवते म्हणूनच कळतं, शेजाऱ्यांना नाही. त्यांना आता नेटवर्क नसलेली जागा हवी असते, मातीचं घर आणि चुलीवरचं जेवण हवं असतं. अशाच एका पाहुण्यांच्या गटासोबत मी त्र्यंबकच्या बाजूला एका पाड्याजवळच्या मुक्कामी गेले होते. तिथल्या मावशी नागलीच्या भाकरी थापत होत्या आणि पाहुण्यांच्या मुली त्यांच्या शेजारी बसून व्हिडिओ काढत होत्या. मावशींच्या डोळ्यांत धूर जात होता, त्या पदराने डोळे पुसून पुन्हा परातीकडे वळत होत्या. मी त्यांना विचारलं, घरी गॅस नाही का? म्हणाल्या, "हाय ना, घरी गॅसवरच करते. हितं चुलीवर लागतं."

आता पक्की खूण. ती म्हणजे आपला वेळ आपल्या हातात किती आहे.

मी फोन घेतला की पहिला प्रश्न विचारते, "कधी जायचंय?" या प्रश्नाच्या उत्तरात मला सगळं कळतं. ठिकाण कळायच्या आधी कळतं. एक माणूस म्हणतो, "तुम्हीच सांगा, तिकडे कधी चांगलं असतं?" दुसरा म्हणतो, "साहेबांना विचारून सांगतो." तिसरा म्हणतो, "दिवाळीत कंपनी चार दिवस बंद असते, त्यातच बसवा." आणि चौथा फोनच करत नाही, कारण त्याला एक खाडा पडला तरी त्या दिवसाचा पगार जातो.

यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट पैशाची आहे. पहिला माणूस फेब्रुवारीत किंवा सप्टेंबरात जातो आणि स्वस्तात जातो. तिसऱ्याला दिवाळीत किंवा मेमध्येच जावं लागतं, आणि तीच खोली, तोच नाश्ता, त्याला कितीतरी महाग पडतो. काही ठिकाणी दुप्पट. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच सुट्टी महाग. हे दरपत्रक मी स्वतःच्या हाताने पाठवते, म्हणून खात्रीने सांगते.

माझे बाबा सातपूरला कारखान्यात होते. तीन पाळ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. म्हणजे २४० दिवसांचे १२ दिवस. त्यातले दोन कुणाच्या लग्नाला, दोन कुणाच्या आजारपणाला जायचे. उरलेली रजा बाबा साठवत. युनियनच्या करारात ती साठवायची सोय होती. ते निवृत्त झाले तेव्हा तिचे पैसे मिळाले आणि त्यातून गच्चीवर एक खोली चढली. मी आज लोकांच्या सहली त्याच खोलीत बसून ठरवते.

तेव्हा माझ्या वर्गात नाशिकरोडच्या प्रेस कॉलनीतली एक मुलगी होती. नोटांच्या आणि सिक्युरिटी प्रेसमधले लोक त्या वेळी केंद्र सरकारचे नोकर, त्यांना एलटीसी असायची. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जायचं भाडं सरकार द्यायचं. ती कन्याकुमारीला जाऊन आली. तीन रंगांची वाळू तिने एका छोट्या डबीत आणली होती आणि आम्ही रांगेने ती हुंगून पाहिली. तिचे बाबा आणि माझे बाबा, दोघेही मशीनवर उभे राहणारे. पगारातही फार मोठी दरी नव्हती. फरक एवढाच होता की तिच्या बाबांच्या नोकरीच्या नियमांत प्रवास लिहिलेला होता. आज अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे जी पोरं लागतात त्यांना काही महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे कामावरून काढतात, आणि नाव पुन्हा नव्याने लागतं. त्यांच्या वाट्याला रजा जमणार कुठून?

पैसा असूनही वेळ नसणं काय असतं ते बागाईतदारांकडून शिकावं. दिंडोरी, निफाडकडचा द्राक्षवाला ऑक्टोबरची गोड छाटणी केली की माल जाईपर्यंत बाग सोडू शकत नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी. माझ्याकडचे एक शेतकरी काका मेअखेर पंधरा दिवसांच्या युरोप सहलीला गेले. आमच्या टूर मॅनेजरने सांगितलं की ॲमस्टरडॅममध्ये बाकीचे लोक कालव्यातल्या बोटीत बसले आणि काका एका सुपरमार्केटात द्राक्षांचे डबे एकेक करून उलटे करत उभे, कुठल्या देशाचे आहेत ते बघायला. परत आल्यावर त्यांनी मला फोटो दाखवला तो आयफेल टॉवरचा नव्हता, त्या डब्यांवरच्या किमतीचा होता. बराच वेळ ते त्या आकड्याबद्दलच बोलले.

आणखी एक उदाहरण इगतपुरीचं. धम्मगिरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, राहणं-जेवण सगळं दानावर चालतं. म्हणजे पैशाची अडचणच नाही. तरी सलग दहा दिवस, फोन बंद ठेवून, घरातून कोण निघू शकतं? हा प्रश्न स्वतःला विचारून बघा आणि मग तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या बाजूने विचारून बघा.

बायकांचं तर स्वतंत्र सांगायला हवं. तुम्ही गावी जाता, चांगलं आहे, पण गावी गेल्यावर चहा कोण करतं? आम्ही मेमध्ये मामाकडे जायचो तेव्हा आई माहेरपणाला आलेली असायची, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला कुरडयांचा चीक शिजवायला उठायची. मला ते दिवस फार प्रिय आहेत. गव्हाच्या चिकाची वाफ, गच्चीवर पसरलेली ओली साडी, तिच्यावर पडणाऱ्या पांढऱ्या कुरडया. पण आईला सुट्टी मिळाली असं मी म्हणणार नाही. यात्रा कंपन्यांच्या सहलीत सोबत स्वयंपाकी असतो, आणि आमच्याकडे पन्नाशीच्या बायका पहिल्यांदा चौकशीला येतात तेव्हा त्यांना मंदिरं किती यापेक्षा "हातात आयतं ताट मिळेल ना?" हे विचारायचं असतं. आईला मी अशा सहलीला पाठवलं ते ती एकसष्ट वर्षांची झाल्यावर. लवकर पाठवायला हवं होतं, याची मला आजही बोच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे या सगळ्या मापांत बसत नाही. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. चैत्रात माणसं खानदेशातून वणीच्या गडावर पायी येतात. इतके दिवस घराबाहेर राहणाऱ्याला कुणी "फिरायला गेला" म्हणत नाही आणि त्याची ऐपतही कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला दर वर्षी वारीला जातो, दुकानाला कुलूप लावून. त्या दिवसांत कपडे चुरगळलेले घालावे लागतात, कुणी कुरकुर करत नाही.

आता तुमच्या मुलीचं. कर्ज काढून मेमध्ये तिला कुठे नेऊ नका, हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगते. हप्त्यावर सहल घेतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पुढच्या जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे पैसे भरताना त्यांची ओढाताण होते. तिला समुद्र दाखवायचाच असेल तर फेब्रुवारीतला साधा शनिवार-रविवार धरा. नाशिकहून जव्हारमार्गे डहाणू, बोर्डी गाठता येतं. तेव्हा गर्दीही नसते आणि दरही उतरलेले असतात.

आणि वर्गशिक्षिकांशी एकदा बोला. माझा मुलगा तिसरीत असताना हीच गोष्ट आमच्याकडे झाली होती. मी बाईंना जाऊन एवढंच सांगितलं की मुलांना "कुठे गेला होतात?" याऐवजी "सुट्टीत काय शिकलात?" असं विचारून बघा. त्यांनी मनावर घेतलं. त्या वर्षी एका मुलाने सांगितलं की तो महिनाभर वडिलांच्या रसवंतीवर बसला होता आणि ऊस चरकात किती वेळा घातला की रस कडवट होतो ते त्याला कळतं. माझा मुलगा सांगत होता की त्या दिवशी तास संपेपर्यंत बाकीची मुलं त्यालाच प्रश्न विचारत होती, आणि दुसऱ्या दिवशी चौघं जण त्याच्या रसवंतीवर जाऊन आले.