ई-क्लासवर खड्डे खणण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, हजार झाडं लावायचं घाटत असेल तर ते आधी थांबव. तो माळ ओसाड नाही. तिथं शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं आहेत आणि त्यांना लख्ख ऊन लागतं. समतल चर खणले की मुरमावरची जेमतेम वीतभर माती उलटते, जुने ठोंब मरतात आणि उघड्या जागी गाजरगवत, तरोटा माजतो. तणमोर हा माळावरचा पक्षी पावसाळ्यात उघड्या गवतातच अंडी घालतो. झाडांच्या रांगा लागल्या की त्याची जागा गेली.

पहिलं काम कागदाचं. सातबारा काढ, मोजणी करून घे, हद्दीचे दगड रोव. अशा जमिनीला वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात. नागपूर-चंद्रपूरकडे अशी बरीच जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच ठरवलं, त्यामुळे तिकडे वनखात्याला सोबत घेऊनच चालावं लागेल. जैवविविधता कायदा 2002, कलम 37 खाली राज्य सरकार असा माळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. त्यासाठी गावची जैवविविधता समिती जागी कर, ग्रामसभेचा ठराव घे. ठरावात 'पडीक' हा शब्द चुकूनही नको. तो दिसला की जमीन कुणालाही मोकळी वाटते. 'गवताळ माळ' लिही, गट नंबर नि क्षेत्रासह. वारसा स्थळ झालं म्हणून गावाच्या रूढ वापरावर आपोआप बंदी येत नाही, हे सभेत मोठ्यानं सांग. लोकांची खरी भीती तीच असते.

ठरावाआधी गुराखी, धनगर, फासेपारधी यांच्यासोबत बस. तणमोर कुठं उतरतो, हे पारध्यांइतकं कुणाला ठाऊक नसतं. कायमची चराईबंदी मात्र करू नको. दोन-तीन वर्षांत वाळकं गवत दाटतं, नवे फुटवे गुदमरतात आणि वणवा आवरत नाही. माळाचे तीन तुकडे पाड. दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर बंद, पुढच्या वर्षी दुसरा.

कुसळी कोवळी असताना जनावरं आवडीनं खातात. पिकली की कुसळं ओठात, कातड्यात रुततात. पिकलेलं एक कुसळ तळहातावर घे, पाण्याचा थेंब टाक. पिळलेली शेपटी उलगडत गोल फिरू लागते. बी असंच स्वतःला मातीत रुजवून घेतं. त्याला नांगरट लागत नाही, पण पिकायला सवड लागते. म्हणून कापणी बी झडल्यावर, दिवाळीनंतर. विळ्यानं, चार बोटं बुडखा ठेवून.

गाजरगवत फुलोऱ्याआधी, ओल असताना मुळासकट उपट. हातमोजे घाल, अंगाला खाज सुटते. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी हद्दीलगत तीन मीटरचा पट्टा कापून गवत उचलून ने. जाळायच्या भरीस पडू नको. वारा फिरला तर माळच जातो.

मीटरभर लांबी-रुंदीची काठ्यांची चौकट कर. ठरलेल्या दहा जागी ठेवून आत कोणतं गवत किती, ते वहीत लिही. पहिली नोंद कोजागरीच्या आठवड्यात घे, तेव्हा तुऱ्यांवरून गवत ओळखणं सोपं जातं.