लोक सल्ला मागतात आणि शेवटी स्वतःच्याच मनाचं करतात, असं का?

तुम्ही सल्ला देणारे, तुमची तक्रार अशी की लोक तासभर डोकं खातात, "तुम्हीच सांगा" म्हणतात आणि मग ठरवलेलंच करतात. मी त्याच लोकांपैकी एक आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

मी राहतो नाशिकला, शेती निफाड तालुक्यात. आमचा कांदा लासलगावच्या कांदा बाजारात जातो. 2023 साली उन्हाळ कांदा साधारण 20 टन चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये होता. चाळीत कांदा वजनाला घटतो, थोडा सडतो, पावसाळी हवेत कोंब धरतो. भावाची आशा मात्र काही घटत नाही. ऑगस्टात भाव चढायला लागला आणि मी विचारत सुटलो.

नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "निम्मा काढ, निम्मा ठेव." ओळखीचा व्यापारी म्हणाला, काढून टाका. त्याला माल हवाच असतो, त्याचं काय ऐकायचं, असं मी मनात म्हटलं. मेहुणा म्हणाला, "थांबा दाजी, क्विंटलला चार हजार बघाल." मेहुण्याच्या रानात ऊस आहे, कांद्याची पातसुद्धा नाही. तरी त्या दिवशी मला तोच सगळ्यांत जाणकार वाटला.

19 ऑगस्टला, शनिवारी, केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. त्याच्या निषेधात सोमवारी लासलगावला लिलाव बंद. माझ्या पोटात गोळा आला आणि मी पुन्हा तीच माणसं विचारायला निघालो. प्रत्येकाचं उत्तरही तेच होतं. पण आता व्यापारी सज्जन वाटायला लागला, आणि मेहुण्याला उसातलं तरी कळतं का, अशी शंका आली. केंद्राने नाफेडमार्फत क्विंटलला 2,410 रुपयांनी सरकारी खरेदी जाहीर केली होती. मी लिलाव सुरू झाल्यावर त्याच्या खालच्याच भावाने सगळी चाळ रिकामी केली. ऑक्टोबरअखेर लासलगावला भाव चार हजारांच्या वर गेला. मेहुण्याने फोन केला नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता यातून मेहुणा शहाणा ठरला असं समजू नका. 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली, तेव्हा थांबलेलेही रडलेच. मला चटका लागला तो वेगळाच. दोन्ही वेळा मी विचारायला निघालो तेव्हा ठरवून बसलो होतो, आधी हावेने, मग भीतीने. मला साथीदार हवा होता. बुडालो तर "तुम्हीच म्हणाला होतात" असं म्हणायला कुणीतरी लागतं ना! घरात तर ते फारच लागतं.

आणि नानांचा निम्म्याचा सल्ला दोन्ही वेळा माझ्या कानावरून गेला. निम्मा विकला की भाव वाढला तरी हळहळ, पडला तरी हळहळ. नुकसान बेताचं होतं, पण पारावर बसून मिरवायला काही उरत नाही. शहाणपणाच्या बऱ्याच गोष्टी अशाच बेचव असतात, म्हणून त्या कुणी घेत नाही.

तेव्हापासून मला कुणी काही विचारलं की मी उलट एकच विचारतो: "आत्तापर्यंत नको कोण कोण म्हणालं?" माणूस लगेच उघडा पडतो. पुण्याला नोकरीला असलेला भाचा मागे कॉलेज रोडवर मिसळ खाता खाता म्हणाला, "मामा, नोकरी सोडून धंदा करू का?" मी हाच प्रश्न टाकला. तो तर्रीत पाव बुडवत राहिला, मग म्हणाला, "आई. आणि बाबा. आणि माझा मॅनेजर." म्हणजे मी चौथा, होकारासाठी राखून ठेवलेला. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. हातात किती महिन्यांचा खर्च आहे तेवढं विचारलं. त्याला ते आवडलं नाही. राजीनाम्याची बातमी मला बहिणीकडून कळली.

त्यामुळे तुमचा सल्ला ऐकला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक वेळा तो मागितलेलाच नसतो. आमचे नानाही त्यातलेच निघाले. यंदा सकाळी सहाला त्यांचा फोन आला, "कांदा काढू का रे आज?" मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ट्रॉली भरून झाली होती.

मी म्हटलं, काढा.