घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सेलू (जि. परभणी) येथे आमचे विटांचे बैठे घर आहे. बैठकीच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे येतात, पोपडे पडतात आणि खाली पांढरी भुकटी साचते. दर दिवाळीला खरवडून पुट्टी व रंग देतो. मागच्या वेळी ऑइल पेंटचा पट्टाही मारून घेतला, तर आता ओल त्याच्याही वर चढली आहे. कोणता रंग द्यावा?

उत्तर : आपला प्रश्न रंगाचा नसून पाण्याचा आहे, म्हणून रंगाची निवड तूर्त बाजूला ठेवावी. ती भुकटी चिमूटभर घेऊन पाण्यात टाकून पाहा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीवर साचलेले क्षार, समजावा. जमिनीतील ओल विटांमधून वर चढते, वाटेत माती, विटा व गिलाव्यातील क्षार विरघळवून घेते आणि भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन वाळते. तेथे क्षारांचे स्फटिक वाढून रंगाचा थर आतून ढकलतात. बांधकामाला खारट बोअरचे पाणी वापरले असेल, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा वापरले जाते, तर क्षार भिंतीत पहिल्या दिवसापासूनच असतात. ऑइल पेंटने भिंतीचा श्वास बंद होतो. खाली वाळू न शकलेले पाणी मोकळी जागा शोधत वर जाते. पट्ट्याच्या वर ओल दिसण्याचे कारण हेच आहे.

खात्रीसाठी फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडा चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूस जमले तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूस जमले तर खोलीतील दमट हवेमुळे. त्यानंतर घराभोवती एक फेरी मारावी : भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आहे का, पन्हाळीचे पाणी जोत्यापाशी पडते का, पलीकडे न्हाणीघराचा गळका नळ आहे का? काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, त्यामुळे अंगणाचा उतार घरापासून दूर असणे आपल्या भागात फार महत्त्वाचे आहे.

पाण्याची वाट बंद केल्यावर ओलीच्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा फूटभर वरपर्यंत गिलावा काढून टाकावा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. भिंत उन्हाळ्यात उघडी वाळू द्यावी. मग गोड्या पाण्यात, सिमेंटमध्ये जलरोधक मिसळून नवा गिलावा करावा, तो आठवडाभर भिजवावा आणि साधारण २८ दिवस उलटून पूर्ण वाळल्याखेरीज प्रायमर लावू नये. रंगारी घाई करतील, पण आपण करू नये. जोत्यावर ओलरोधक थरच नसेल, तर भिंतीच्या तळाशी छिद्रे पाडून रसायन भरण्याचा उपाय जाणकाराकडून करून घ्यावा लागेल.

प्रश्न : औसा तालुक्यातील आमच्या माळवदाच्या जुन्या घराला वर्षानुवर्षे चुना दिला जात असे. यंदा त्यावरच प्लास्टिक पेंट दिला, तो मोठाल्या पापुद्र्यांनी सुटतो आहे.

उत्तर : नव्या रंगाने चुन्याच्या भुसभुशीत थराला धरले, भिंतीला नव्हे, थर सुटला की रंगही सुटतो. सगळे खरवडून काढावे. दगडमातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा व प्लास्टिक पेंट देऊ नये, कारण अशी भिंत ओल बाहेर सोडूनच टिकते. चुन्याचा गिलावा व त्यावर डिंक मिसळलेल्या चुन्याचे दोन-तीन पातळ हात हाच तिला मानवणारा उपाय आहे, आणि तो स्वस्तही आहे.

प्रश्न : नांदेडला मे महिन्यात पश्चिमेची बाहेरची भिंत रंगवली, तिला महिनाभरात फोड आले.

उत्तर : तापलेल्या भिंतीवर रंगाचा वरचा थर झटकन वाळतो व आतला भाग अडकून फुगतो. फोड आलेला भाग काचपेपरने घासून प्रायमर द्यावा आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत, पश्चिमेची भिंत सावलीत असताना सकाळी रंगवावी.